ओल्या गोणपाटाची केस

"अरे फौजदारा! भायर ये आधी! माझ्या घोवाक कित्याक डांबून ठेवलंस? तेनी सिमिट खाल्ल्यान काय? मगे फाड तेचा पोट आणि बघ! पेजेशिवाय काय गावाचा नाय!"

नोकरीत मी दरोडेखोरांच्या आरोळ्या ऐकल्या, मोर्चातल्या घोषणा ऐकल्या, निरोपसमारंभात वरिष्ठांची भाषणंही ऐकली. पण त्या सकाळचा तो आवाज अजून माझ्या कानातून उतरलेला नाही. ठाण्याची कौलं हलली. समोर समुद्रातल्या किल्ल्यावरचे कावळे उडाले. माझ्या टेबलावरच्या आरशाला तडा गेला. हवालदार म्हणायचा की तो तडा आधीपासूनच होता. हवालदाराचं ऐकू नका.

बाहेर येऊन बघतो तर व्हरांड्यात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी. आमच्या कोठडीतल्या गवंड्याची बायको. मासे विकणारी. बाजाराला निघालेली ती वाट वाकडी करून ठाण्यावर आली होती, आणि भांडायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून डोक्यावरची बांगड्यांची पाटी तिने पायरीवर उतरवून ठेवली होती. पाटीवर ओलं गोणपाट.

"बाई, हळू बोला. हे सरकारी ठाणं आहे," हवालदार म्हणाला.

"सरकारी आसा म्हणान तेका कान नाय काय रे?"

हवालदार मागे सरला. तो साताऱ्याकडचा, गळ्यात तुळशीची माळ, आणि आमच्या किनाऱ्यावर बदली झाल्यापासून नाकाला रुमाल लावून कायदा राखत होता. माशांची पाटी दिसली की त्याचा सलाम अर्ध्यावरच थांबायचा.

यात मी कुणाचंही नाव घेणार नाही. गवंड्याची नातवंडं आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत. बाईच्या आवाजाचा वारसाही कुणाकडे तरी गेला असेलच, आणि मला या वयात दुसरा आरसा फोडून घ्यायचा नाही.

तेव्हा मालवणचा हा सगळा किनारा रत्नागिरी जिल्ह्यात होता. आज ज्या ओरोसला कलेक्टर कचेरी आहे, तिथे त्या काळी माळ होता आणि माळावर कोल्हे कामकाज बघत. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. सिमेंट परमिटवर मिळायचं. लग्नात आहेर म्हणून सिमेंटची गोणी दिली असती तर नवरामुलगा नवरीकडे न बघता गोणीकडे बघत बसला असता, इतकी त्याची टंचाई. त्यामुळे सिमेंटची चोरी म्हणजे आमच्या दप्तरी मोठा गुन्हा.

बंदरावर मच्छीमारांच्या होड्यांसाठी एक छोटा धक्का बांधायचं काम चाललं होतं. कंत्राटदार सावंतवाडीचा. माणूस असा की खुर्चीत बसला तर खुर्ची दिसायची नाही. देखरेखीला सरकारी ओव्हरसियर. नुकता शिकून आलेला, सुक्या सुंगटासारखा, म्हणजे कोळंबीसारखा बारीक, पण डोक्यात कल्पना मात्र आगबोटीएवढ्या. धक्क्याच्या माथ्यावर सिमेंटच्या लाद्या बसवायच्या होत्या. लादीत लोखंडी सळी घातली तर खारी हवा तिला आतून खाते, गंज फुगतो आणि लादी फुटते, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं. या पोराने डोकं लढवलं की सळीऐवजी काथ्या घालू. खाडीत कुजवून झोडलेला काथ्या आमच्याकडे हवा तेवढा. तो गोड्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा, बोटाएवढे तुकडे करून काँक्रीटमध्ये कालवायचा. वरच्या साहेबांकडून त्याने थोड्या लाद्या करून बघायची परवानगीही आणली.

"धक्को बांधतास की गादी भरतास?" कंत्राटदार सगळ्यांसमोर हसला होता.

ओव्हरसियरने मनावर घेतलं नाही. सगळ्या लाद्या एकाच गवंड्याकडून, एकाच मापाच्या मालाने ओतून घेतल्या. प्रत्येक दिवसाच्या लाद्यांच्या कोपऱ्यात ओल्या मालावर शिंपला दाबून खूण केली. एका दिवशी उलटा, एका दिवशी सुलटा, एका दिवशी दोन जोडून. मग त्यांचे तीन वाटे केले. एक वाटा विहिरीजवळच्या हौदात बुडवून ठेवला. दुसरा वाटा वाळूवर मांडून त्यावर गोणपाटं घातली आणि ती विहिरीच्या पाण्याने ओली ठेवायची व्यवस्था केली. तिसरा वाटा नुसताच उन्हात टाकला, पाण्याचा थेंब न देता. का, तर पाणी न मिळाल्यावर लादीचं काय होतं ते वरच्या साहेबांना दाखवायला. नवीन काँक्रीटला पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर ते वाळतं पण पिकत नाही, एवढं मलाही माहीत होतं. त्या दिवसांत पाऊस संपून ऊन असं पडलं होतं की वाळूवर पडलेलं सुंगट तळूनच उचलावं.

काही आठवड्यांनी लाद्या तपासल्या. हौदातल्या लाद्या घणाच्या घावाला घंटेसारख्या वाजल्या. उन्हातल्या लाद्यांची माती झाली. ते अपेक्षितच होतं. घोटाळा झाला तो गोणपाटाखालच्या लाद्यांत. अर्ध्या लाद्या हौदातल्यांच्या तोडीस तोड, आणि उरलेल्या अर्ध्या नखाने खरवडल्या तरी भुगा द्यायच्या.

कंत्राटदार तडक ठाण्यात आला आणि त्याने फिर्याद दिली. गवंड्याने मालातलं सिमेंट चोरलं. सिमेंटच्या शेडची किल्ली गवंड्याच्या कमरेच्या करगोट्याला. चांगल्या लाद्या दाखवायला, वाईट लाद्या खपवायला. सगळं सरळ दिसत होतं.

आम्ही पंच घेऊन गवंड्याच्या घरी झडती घेतली. सिमेंट मिळालं नाही. पण कुंपणावर एक गोणपाट वाळत होतं आणि त्याला करड्या सिमेंटचे पोपडे धरलेले.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझा," बाई म्हणाली. विळीवरचा हातही न थांबवता.

गोणपाट जप्त केलं, पंचनामा केला, मुद्देमालाच्या खोलीत टाकलं आणि गवंड्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. कोर्टात एकदा चोर म्हणून नाव लागलं की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी त्याच्या हातात थापी दिली नसती. हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आता माझ्या चौकशीच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. मी आरोपीवर कधी हात उचलला नाही. गरजच पडायची नाही. मी नुसती डावी भुवई वर केली की माणसं बोलायला लागायची. एकदा एका नारळचोराने माझी भुवई पाहून स्वतःचा गुन्हा तर कबूल केलाच, वर आजोबांनी केलेली एक चोरीही सांगून टाकली. पण या गवंड्यापुढे माझ्या दोन्ही भुवया थकल्या.

"सिमेंट कुठे विकलंस?"

"एकाच ढिगातलो माल, सायबानू."

"किल्ली तुझ्याकडे होती ना?"

"होती. एकाच ढिगातलो माल."

"मग अर्ध्या लाद्या भुसभुशीत कशा?"

त्याने मान वर केली. "माका चोर म्हणा, फटके मारा. पण माझ्या मालाक नाव ठेवू नकात. एकाच ढिगातलो माल."

खोटं बोलणारा माणूस गोष्ट वाढवत नेतो. तिला दारं-खिडक्या बसवतो, परसात केळही लावतो. या माणसाची गोष्ट एका वाक्याची होती आणि ती रात्रीत वाढली नव्हती. म्हणून माझ्या मनात खोच होती. ओव्हरसियरला बोलावून विचारलं, तर तो बिचारा रडवेला झाला होता. त्याचा संशय तिसरीकडेच.

"काथ्यानेच घात केला असेल साहेब. माझीच कल्पना चुकली."

"पाणी मारायला कुणी विसरलं नसेल?"

"शक्यच नाही. गोणपाटं रोज संध्याकाळी मी स्वतः हात लावून बघत होतो. चिंब ओली असायची. सगळी."

म्हणजे पाणी होतं, गोणपाट होतं, माल एकच होता. आणि लाद्या मात्र दोन जातींच्या. इथपर्यंत आमचा तपास आला होता, तेवढ्यात ती बाई व्हरांड्यात येऊन उभी राहिली आणि कौलं हलली.

"ऐक रे सायबा," ती म्हणत होती, "माझो घोव सांजेक घराक येवक नाय, तर ही पाटी घेवन मी कोर्टात येतलंय. न्यायाधीशाच्या टेबलार ठेवतलंय. मगे बघूया तो काय न्याय करता तो!"

मी तिला समजावणार, इतक्यात हवालदार रुमालाआडून माझ्या कानाशी आला.

"साहेब, मुद्देमालाच्या खोलीत काहीतरी मेलंय."

"उंदीर असेल."

"उंदीर असता तर मांजरांनी एव्हाना निकाल लावला असता. दारात बघा."

मी जाऊन बघितलं. मुद्देमालाच्या खोलीच्या बंद दारापुढे गावातली झाडून सगळी मांजरं बसलेली. पांढरी, काळी, बांडी, एका कानाची, शेपूट तुटलेली. काहींना तर मी त्या गावात पूर्वी कधी पाहिलंही नव्हतं. ती बहुधा आचऱ्याहून आली असावीत. सगळी शिस्तीत, दाराकडे तोंड करून, जणू जामिनाचा अर्ज घेऊन आलेली. एवढे खबरी मला उभ्या नोकरीत एका जागी मिळाले नाहीत, आणि खबरीनिधीतून त्यांना काही द्यावंही लागलं नाही.

मी दार उघडलं. आत दारूची मडकी होती, चोरीची सायकल होती, भांडणातली कोयती होती. मांजरं त्या कशाकडेही न बघता सरळ जप्त केलेल्या गोणपाटावर गेली.

मी ते उचलून नाकाशी धरलं. मी आरोंद्याच्या खाडीकाठी वाढलेला माणूस. डोळे बांधून माझ्यापुढे मासा धरा. तो कुठला, कधीचा आणि जाळ्यातला की गळाचा, हे मी सांगेन. हा बांगडा होता. खारवलेला नव्हे. ताजा.

सिमेंटच्या चोरीतल्या गोणपाटाला ताज्या बांगड्याचा वास!

मी दारातूनच व्हरांड्याकडे बघितलं. पायरीवरच्या पाटीवर ओलं गोणपाट होतं आणि त्याच्या काठाला करडे पोपडे होते. पोलिसाला जे दिसतं ते त्याने लगेच बोलून दाखवलं, तर समोरचा सावध होतो. मी हवालदाराला बाजूला घेतलं.

"मी बंदरावर जाऊन येतो. बाईंना चहा दे आणि तोपर्यंत बोलतं ठेव."

"बोलतं ठेवायला काय लागतंय साहेब? थांबवायचं कसं, तेवढं सांगा."

ओव्हरसियरला घेऊन मी लाद्यांकडे गेलो. हौदातल्या लाद्या काढून रचून ठेवल्या होत्या. त्यांवर एकही मांजर नाही. उन्हातल्या लाद्यांवर नाही. वाळूवरच्या रांगेत समुद्राकडच्या लाद्या मोकळ्या. पण बाजाराच्या पाणंदीकडच्या लाद्यांवर, अगदी कडेच्या लाद्यांवर, दोन मांजरं ताणून झोपलेली आणि तिसरं लादी चाटत असलेलं.

"खराब लाद्या कुठल्या?" मी विचारलं.

"याच," ओव्हरसियर म्हणाला. "पाणंदीकडच्या."

मी टोपी काढली आणि गणवेशासकट वाळूवर पालथा पडून लादीला नाक लावलं. बंदरावर एकच गलका झाला. फौजदार लादीला लोटांगण घालतोय म्हणून माणसं जमली. एका म्हातारीने लांबूनच मलाही हात जोडले. वासाने समाधान झालं नाही म्हणून मी लादी चाटलीही. मांजर चिडून उठून गेलं.

"खारट आहे," मी म्हणालो. "विहिरीचं पाणी खारट आहे का तुमच्या?"

"नाही साहेब! गोडं आहे. हवेतलं मीठ असेल."

मी समुद्राकडची चांगली लादी चाटली. ती गोडी होती. मग मी त्याला विचारलं, "तुम्ही गोणपाटं संध्याकाळी बघत होता. सकाळी?"

"पहाटे पाणी मारलं की दिवसभर आम्ही सगळे धक्क्याच्या टोकाला. मी, गवंडी, माणसं. इथे कुणी नसायचं. पण सकाळी कोण..." तो बोलता बोलता पाणंदीकडे बघायला लागला.

ओव्हरसियरला घेऊन ठाण्यात परतलो तेव्हा बाई दुसरा चहा पीत होती आणि हवालदार तिसऱ्यांदा तिच्या सासूची कथा ऐकत होता. खरी चौकशी आता व्हायची होती. मी भुवई उचलली नाही. पाटीजवळ उकिडवा बसलो, गोणपाट जरासं वर केलं आणि नुसतं विचारलं, "बाये, बांगडे कसे आसत?"

तिचा आवाज क्षणात बदलला. मघाची वाघीण गेली आणि विकणारी बाई पुढे आली.

"ताजे आसत सायबानू. कल्लो बघा, लालभडक. अशे बांगडे अख्ख्या बाजारात गावाचे नाय."

"उगाच सांगू नको. एवढ्या उन्हात ताजे कसे राहतील?"

"रवतत तर! वर ओला गोणपाट घातलंय मा!"

"दुसऱ्या बायका माडाची झावळी घालतात."

"झावळेन काय होता? घटकाभरात सुकता. गोणपाट दुपारपर्यंत थंड रवता." मग मान वेळावून, अभिमानाने: "माझ्या बांगड्याक कोण नाव ठेवूक नाय. बाजारात माझी पाटी आधी खाली होता."

"गोणपाट चांगलंच आहे. कुठून आणलंस?"

"त्या लाद्यांवरचा. थंय येवढी पडली आसत, मी आणि माझी जाव दोन-दोन घेवन जातंव. रोज सकाळी. वाटेरच तर आसत." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने घाईघाईने भर घातली, "चोरी नाय हा सायबानू! सांजेक परत नेवन घालतंय. कोरडा नाय घालूक! खाडीत बुडवन, चिंब करून घालतंय. जसा होता तसा!"

हवालदाराचा रुमाल नाकावर जाता जाता थांबला. मांजरंसुद्धा थांबली असावीत.

"लाद्या ओतल्या त्या दिवसापासून?"

"तेव्हापासूनच तर. आधी खंय होती गोणपाटां?"

रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सगळं ऊन होऊन जाईतो, पाणंदीकडच्या लाद्या उघड्या पडत होत्या. ओल्या मालातलं पाणी ऊन आणि वारा ओढून नेत होते. संध्याकाळी खाडीतल्या खाऱ्या पाण्याने चिंब, बांगड्याच्या वासाची गोणपाटं त्यांवर परत येत होती आणि ओव्हरसियर त्यांना हात लावून समाधानाने घरी जात होता. चोर नव्हता, चोरीही नव्हती. लाद्या तहानेने मेल्या होत्या.

"अगो बाये, लादीला पाणी लागतं! ती पाणी पिऊन घट्ट होते!" ओव्हरसियर कळवळून म्हणाला.

"फातराक खंयची तहान?" ती म्हणाली.

आणि तेव्हा कोठडीच्या गजांआडून गवंड्याचा आवाज आला. अटकेपासून पहिल्यांदाच त्याने त्या एका वाक्यापलीकडचं काही म्हटलं.

"गो... तू?"

एवढ्यावर मी त्याला सोडलं असतं, पण कंत्राटदार येऊन बसला होता आणि तो मानायला तयार नव्हता. "सायबानू, बायल घोवाक वाचवता. तिचा काय ऐकतास? गोणपाटान सिमिट जाता काय? हेनीच चोरल्यान!" त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. बाईचा जबाब म्हणजे नवऱ्याच्या बाजूचा जबाब. कोर्टात कुणीही तेच म्हणालं असतं. आणि दुपार जवळ येत चालली होती.

"ठीक आहे," मी म्हणालो. "लाद्यांचाच जबाब घेऊ."

गवंड्याला शिपायांबरोबर बंदरावर आणलं, आणि मागोमाग अख्खं गाव लोटलं. होड्या किनाऱ्याला आल्या, शाळा सुटली, न्हाव्याने एकाची अर्धी दाढी तशीच सोडली आणि अर्ध्या दाढीचा तो माणूसही पंच म्हणून उभा राहिला. मी कंत्राटदारालाच सांगितलं, "तुम्हीच निवडा. एकाच शिंपल्याच्या खुणेच्या दोन लाद्या. एक हौदातली, एक पाणंदीकडची. एकाच दिवशीच्या, एकाच ढिगातल्या."

त्याने निवडल्या. जोडशिंपल्याच्या खुणेच्या. खूण सगळ्या पंचांनी बोट फिरवून बघितली. दोन-दोन दगडांवर एकेक लादी मांडली.

"आता उभे राहा," मी म्हणालो.

"मी?"

"या ढिगातलं सिमेंट चोरलंय ना? मग हौदातली लादीही तुमच्या वजनाने फुटेलच. फुटली की गवंड्याला आत्ताच्या आत्ता कोर्टात नेतो."

तो आधी हौदातल्या लादीवर चढला. दोन रांजण एकावर एक ठेवल्यासारखा तो माणूस. लादी हूं की चूं नाही. मग त्याच्या शेजारी मी हवालदाराला चढवलं. मग अर्ध्या दाढीच्या पंचाला. शेवटी बंदरावरचा एक खलाशी उत्साहाने उडी मारून चढला आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारून उभे राहिले. मी तुम्हाला सांगतो, त्या लादीवर मी आगबोट उभी केली असती, पण ती त्या दिवशी रत्नागिरीला गेली होती.

मग घण आणला. मी स्वतः मारला. पहिल्या घावाला तो उडून परत आला. कितव्या तरी घावाला लादीला चीर गेली; पण लादी पडली नाही. चिरेत काथ्याचे धागे ताठ उभे होते आणि त्यांनी दोन्ही तुकडे घट्ट धरून ठेवले होते. ओव्हरसियर पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि त्या चिरेत बोट घालून लहान मुलासारखा हसायला लागला.

"काथ्याने धरलं," तो म्हणत होता. "बघा, काथ्याने धरलं!"

"आता दुसरी," मी कंत्राटदाराला म्हणालो.

तो एक पाय ठेवून दुसरा उचलणार, तोच लादी मधोमध बसली आणि तो वाळूत. भुगा उडाला. त्या भुग्यातही काथ्या होता, तसाच, तेवढाच. पण धरायला भोवती काही पिकलंच नव्हतं, तो बिचारा काय धरणार? आणि ओव्हरसियरने मुठीत तो भुगा आणि दुसऱ्या लादीची कपची शेजारी शेजारी धरून लोकांना फिरून दाखवली. त्याच खुणेची, त्याच ढिगातली. हिला पाणी मिळालं, तिला मिळालं नाही.

वाळूत बसलेल्या कंत्राटदाराकडे बघून मी विचारलं, "फिर्यादीत काही दुरुस्ती करायची आहे?"

त्याने आधी हात पुढे केला. त्याला उठवायला चार माणसं लागली. उठून त्याने अंगावरची वाळू झटकली आणि सगळ्या गावासमोर गवंड्याला म्हणाला, "चल, उद्यापासून कामाक ये. लाद्या परत ओतूक होयत." मोठा माणूस, मी त्याला एवढं श्रेय देतो.

गवंड्याला त्याच वाळूवर मोकळं केलं आणि तसा अहवाल घेऊन हवालदाराला कोर्टात धाडलं. ही फिर्याद खोटी नव्हती, आणि खरीही नव्हती. गैरसमजातून झालेली होती. म्हणून मी 'सी' समरी, म्हणजे अशी केस बंद करायची परवानगी, मागितली आणि कोर्टाने ती दिली. लोकांनी गवंड्याला धक्क्यापर्यंत वाजतगाजत नेलं. ढोल कुठून आला ते मला माहीत नाही. मला खांद्यावर घेण्याचाही विचार होता म्हणतात, पण गणवेशाचा मान राखून त्यांनी तो सोडला.

लाद्या परत ओतल्या. त्या वेळी गोणपाटांवर मी रीतसर पहारा बसवला. बसवला कुणाला, तर हवालदाराला, कारण त्याच्यासारखा माशाचा वास लांबून ओळखणारा दुसरा माणूस ठाण्यात नव्हता. स्टेशन डायरीत रोज नोंद व्हायची: गोणपाटं जागेवर, ओली, वास नाही. वरच्या तपासणीला आलेले साहेब ती नोंद वाचून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मीही भुवई न हलवता त्यांच्याकडे बघत राहिलो. मासेविक्या बायकांना ओव्हरसियरने शेडमधल्या रिकाम्या गोण्या वाटून टाकल्या; हे त्याला आधी सुचलं असतं तर माझी ही गोष्ट झालीच नसती.

त्या सगळ्या लाद्या धक्क्यावर बसल्या. पुढे एका जाणत्या इंजिनियरने मला सांगितलं की सिमेंटमध्ये काथ्या वर्षानुवर्षं टिकत नाही, हळूहळू ठिसूळ होतो. असेल. पण तोवर त्याने आपलं काम केलेलं असतं; कोवळ्या वयात तडे जाऊ दिले नाहीत, आणि पाणी प्यायलेली लादी पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिली. मी अलीकडेच जाऊन बघितल्या. वर बायका मासे साफ करतात, होड्यांचे दोर त्यांवर घासतात, भरती येते, जाते. चीर नाही. मांजरं आहेत, पण ती माशांसाठी.

या केसने मला काय शिकवलं? पोलीस चोरी शोधायला जातो, म्हणून त्याला चोर दिसतो. ज्या गोणपाटाने मी एका माणसाला आत घातलं, त्यानेच तो बाहेर आला. फरक एवढाच की पहिल्यांदा मी त्याच्याकडे डोळ्यांनी बघितलं आणि दुसऱ्यांदा नाकाने. आणि दुसरी गोष्ट. माणसाला त्याच्या गुन्ह्याबद्दल विचारलं की तो तोंड मिटतो. त्याच्या धंद्याबद्दल विचारा, अभिमानाने सगळं सांगतो. त्यानंतर नोकरीभर मी हाच मार्ग धरला आणि माझी भुवई बरीच विश्रांती पावली.

ज्या दिवशी गवंडी सुटला, त्या संध्याकाळी बाई रिकामी पाटी घेऊन ठाण्यावरून घरी चालली होती. नवरा पुढे, ती मागे. मला वाटलं, चार शब्द सुनवावेत. मी तिला थांबवलं आणि चांगलं दमात घेतलं. म्हटलं, तुझ्यामुळे तुझा नवरा रात्रभर कोठडीत बसला, एका शिकलेल्या पोराची नोकरी जाता जाता राहिली, सरकारचा एवढा माल मातीत गेला, मला सगळ्या गावासमोर पालथं पडून लादी चाटावी लागली. आता तरी कळलं ना तुला, काय करून बसली होतीस ते?

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"बांगडो मात्र ताजो रवलो," ती म्हणाली.